गाठीबाईंची यादी

संशोधन संस्थेत त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘गाठीबाई’. हे नाव कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण बाईंच्या कानावर ते पहिल्याच वर्षी गेलं होतं आणि त्यांना ते खटकलं नव्हतं. कामच तसं होतं. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत, वाटाण्याएवढी गाठ असते. मूल किती वाढणार, मुलगी कधी वयात येणार, एखाद्या स्त्रीला दिवस राहणार की नाही, यातलं बरंचसं ती एवढीशी गाठ ठरवते. बाई चोवीस वर्षांच्या असताना रसायनशास्त्राची पदवी घेऊन संस्थेत रुजू झाल्या आणि पाचच वर्षांत त्यांच्याकडे या गाठींमधून हार्मोन काढायचं काम आलं.

गाठी यायच्या शवागारांतून. दर सोमवारी सकाळी तिथला मदतनीस लाकडी खोक्यात रुंद तोंडाच्या बरण्या घेऊन यायचा. बरण्यांत अॅसिटोन आणि अॅसिटोनमध्ये गाठी. “मोजून घ्या बाई, परत कमी पडल्या म्हणाल,” असं म्हणून तो खोकं टेबलावर ठेवायचा आणि बाई चिमट्याने एकेक मोजायच्या. मग त्या वाळवायच्या, कुटायच्या, शीतगृहात अंगावर दोन स्वेटर चढवून त्यांचा अर्क काढायचा, आणि तो अर्क काचेच्या उंच नळ्यांतून थेंबथेंब खाली उतरवायचा. एका दळणातून दोन पिठं निघावीत तसं त्यातून दोन प्रकारचं हार्मोन हाती यायचं. एक उंची वाढवणारं. ते ज्यांची वाढ खुंटली आहे अशा मुलांसाठी. दुसरं स्त्रीच्या पोटातली बीजं पिकवणारं. ते ज्यांना मूल होत नाही अशांसाठी. एका खेपेला साधारण चारशे गाठी लागायच्या. तयार झालेली पांढरी पूड छोट्या बाटल्यांत भरली की बाई प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या अक्षरात बॅचचा नंबर घालायच्या आणि कुठली बाटली कुणाला गेली ते एका जाड वहीत लिहून ठेवायच्या. हा त्यांचा शिरस्ता होता. कुणी सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक मुलगी, हेच त्यांचं घर. मुलगी दिसायला इतकी एवढीशी की तिला सगळे चिमणीच म्हणायचे. दहाव्या वर्षी ती सहा वर्षांची वाटायची. शाळेच्या रांगेत कायम पहिली, बाकावर बसली की पाय लटकलेले. भावजय दर महिन्याला दाराच्या चौकटीशी तिला उभं करून पेन्सिलीने रेघ मारायची आणि रेघेवर रेघ पडायची. मुलांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हिच्या गाठीतून वाढीचं हार्मोन जवळजवळ येतच नाही. भाऊ तो कागद घेऊन बाईंकडे आला तेव्हा बाई हसल्या. अरे, जे हार्मोन हिला पाहिजे ते आत्या रोज हातांनी बनवते, यापेक्षा नशीब ते काय असावं?

चार वर्षं बाईंनी स्वतः चिमणीला इंजेक्शनं दिली. आठवड्यातून तीनदा, शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. चिमणी डोळे मिटून घ्यायची आणि दहापर्यंत आकडे म्हणायची. बाई सातलाच सुई काढायच्या. पोरगी वाढली. पहिल्या वर्षी चार इंच, पुढे जराशी कमी, पण वाढली. चौदाव्या वर्षी ती आईच्या खांद्याला लागली तेव्हा भावजयीने बाईंच्या गळ्यात पडून रडून घेतलं. त्याच सुमारास एका स्त्रीला, अकरा वर्षं मूल नव्हतं तिला, बाईंच्या दुसऱ्या हार्मोनने जुळी झाली आणि ती दोन्ही गाठोडी घेऊन थेट प्रयोगशाळेत दाखवायला आली. आपल्या आयुष्याचं सार्थक झालं असं बाईंना त्या दिवसांत वाटायचं, आणि वाटायला काही हरकत नव्हती.

चिमणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एका सकाळी बाई संस्थेच्या वाचनालयात नव्याने आलेली नियतकालिकं चाळत होत्या. एका मागच्या पानावर छोटीशी टिपणी होती. दुसऱ्या एका देशात तिघं तरुण मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराने गेले होते. या वयात हा आजार जवळपास होतच नाही. तिघांमध्ये समान गोष्ट एकच: लहानपणी तिघांनाही प्रेतांच्या गाठींतून काढलेलं वाढीचं हार्मोन दिलं होतं.

बाईंनी टिपणी परत वाचली. मग उभ्याने वाचली. रोगाचं जे काही बीज होतं ते अॅसिटोनने मरत नव्हतं, तापवून सहज मरत नव्हतं, अंगात शिरल्यावर पाच वर्षं, दहा वर्षं, कदाचित तीस वर्षं गप्प पडून राहत होतं. सुरुवात व्हायची ती पायांपासून. चाल बिघडायची, तोल जायचा. त्यानंतर वर्षभरात सगळं संपायचं. औषध नव्हतं. जिवंत माणसात ते आहे की नाही हे सांगणारी तपासणीसुद्धा नव्हती. अशा मुलांनी रक्तदान करू नये, एवढी सूचना शेवटी होती.

चारशे गाठींत एक जरी तसली असेल तरी अख्खी बॅच गेली, हा हिशेब करायला बाईंना कागद लागला नाही. त्या खाली बसल्या, आणि ग्रंथपालाने पाणी आणून दिलं तेव्हा पेला धरलेल्या आपल्या बोटांकडे पाहून त्यांच्या मनात आलं, मी स्वतः तरी काय, सतरा वर्षं उघड्या हातांनी ती पूड कुटतेय.

संस्थेचे डायरेक्टर शहाणे गृहस्थ होते. त्यांनी त्याच दिवशी हार्मोन देणं थांबवलं, शीतगृहातल्या बाटल्यांना कुलूप लावलं. पण ज्यांना दिलं होतं त्यांचं काय, हे बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. आपल्याकडे एकही रोगी नाही, ते म्हणाले. असता तर गोष्ट वेगळी. ज्याला उपाय नाही, ज्याची तपासणी नाही, ते त्र्याहत्तर मुलांच्या आणि एक्केचाळीस बायकांच्या डोक्यात भरवून काय साधणार? त्यांना सुखाने जगू द्या.

बाईंना ते पटलं. नंतर त्या स्वतःला म्हणायच्या की पटलं नव्हतं, पटवून घेतलं. कारण या यादीत एक नाव घरातलं होतं.

तिथून पुढचे अकरा महिने बाईंनी जीव मुठीत धरून काढले. वही काढून त्यांनी पाहिलं होतं: चिमणीला नवव्या बॅचपासून पंधराव्या बॅचपर्यंतच्या बाटल्या गेल्या होत्या. सात बॅचा, म्हणजे अठ्ठावीसशे माणसांच्या गाठी. त्यातली कोण माणसं, कशाने गेलेली, काही पत्ता नाही. दर रविवारी त्या भावाकडे जायच्या. पूर्वी गप्पा मारायला जायच्या, आता बघायला. चिमणी जिना चढायला लागली की बाई म्हणायच्या, तू हो पुढे, आणि मागून तिची पावलं बघायच्या. तिला सुईत दोरा ओवायला सांगायच्या. कपबशी उचलताना बशी वाजली तरी बाई हातातलं टाकून तिच्याकडे बघायच्या. एकदा चिमणी अंगणात ठेच लागून पडली, हसत हसत उठली, आणि पाहते तो आत्या भिंतीला टेकून पांढरीफटक.

“आत्या, पडले मी, आणि घेरी तुला आली?” चिमणी म्हणाली. सगळे हसले. बाईही हसल्या. घरी गेल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. काय सांगणार? की पोरी, मी तुला जे दिलं त्यात कदाचित तुझं मरण आहे, कधी येईल माहीत नाही, येईलच असंही नाही? वीस वर्षांच्या मुलीला हे सांगून तिचं वीस वर्षांचं असणं काढून घ्यायचं? हे कारण खरं होतं. पण त्याच्या आड आणखी एक कारण दडलेलं होतं, आणि ते बाईंना माहीत होतं: चिमणीने आपल्याकडे आतापर्यंत बघितलं तसं पुन्हा कधी बघितलं नाही तर?

एका गुरुवारी सकाळी बाई कामावर जाता जाता काही कागद द्यायला भावाकडे डोकावल्या. चिमणी घरात नव्हती. भावजय पोळ्या लाटत होती. ती कौतुकाने सांगायला लागली की आज कॉलेजात रक्तदान आहे, आणि दरवर्षी आमच्या बाईसाहेबांचं वजन कमी भरायचं म्हणून परत पाठवायचे, या वर्षी पहिल्यांदा काटा हवा तिथे गेला. म्हणून कालपासून स्वारी नुसती मिरवतेय. सकाळी नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाऊन गेलीय.

बाईंनी कागद ओट्यावर टाकले आणि चपलासुद्धा नीट न घालता धावल्या. भावजय मागून काहीतरी विचारत राहिली. रस्त्यावर जी पहिली टॅक्सी दिसली तिच्यापुढे त्या अक्षरशः उभ्या राहिल्या. कॉलेजचा मोठा हॉल, ओळीने मांडलेल्या लोखंडी खाटा, स्पिरिटचा वास. बाईंना आधी ती दिसलीच नाही. मग दिसली, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर, बाही दुमडलेली, दंडाला रबरी पट्टी, आणि नर्स शीर चाचपतेय.

“थांबा. सुई लावू नका तिला.”

नर्सने वर बघून विचारलं की तुम्ही कोण. संस्थेत त्या विभागप्रमुख होत्या, देशोदेशीच्या परिषदांत त्यांनी शोधनिबंध वाचले होते.

“मी आत्या हिची,” त्या म्हणाल्या. “हिला रक्त देता येत नाही.”

चिमणी रागाने लाल झाली. मैत्रिणी बघत होत्या. ती पट्टी सोडवून तशीच उठली आणि आत्याच्या मागोमाग बाहेर आली. प्रयोगशाळांच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याखाली सामसूम होती, तिथे नळ गळत होता, आणि तिथे उभं राहून बाईंनी सगळं सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर त्या काहीही न लपवता बोलल्या: टिपणी, तिघं तरुण, चारशे गाठी, नऊ ते पंधरा. सगळं ऐकून झाल्यावर चिमणीने विचारलं,

“तुला हे कधी कळलं?”

“गेल्या वर्षी.”

“गेल्या वर्षी कधी?”

“अकरा महिने झाले.”

चिमणीने मान खाली घातली. “म्हणून तू मला जिन्यावर पुढे पाठवायचीस,” ती म्हणाली, आणि बाही खाली करत, बटण लावत, हॉलकडे न जाता सरळ फाटकातून बाहेर गेली. बाई तिची चाल बघत राहिल्या. तेव्हासुद्धा. त्यांना स्वतःची किळस आली, पण नजर हटेना.

त्यानंतरचे तीन आठवडे फार वाईट गेले. भाऊ संस्थेत येऊन गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला की ताई, दिलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं, ते मला समजतं. माहीत झाल्यावर तू माझ्या घरी येऊन जेवत होतीस, ते समजत नाही. भावजय मात्र दुसऱ्या दिवशी एकटी आली. खुर्चीवर टेकली नाही. तिला समजून घ्यायचं होतं की नेमकं काय बघायचं, पाय आधी की डोळे, आणि ताप येतो का. बाईंनी सांगितलं, तिने ते मुलीच्या जुन्या वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि गेली. आता त्या घरात लक्ष ठेवणारे तिघं झाले होते: आई, बाप आणि चिमणी स्वतः.

चौथ्या आठवड्यात चिमणी स्वतः प्रयोगशाळेत आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ठीक होता.

“माझं जाऊ दे,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काय? त्यांनी रक्त दिलं असेल तर? ती वही काढ.”

बाईंनी वही काढली. दोघींनी समोरासमोर बसून यादी केली, एकशे चौदा नावं. बाईंनी पत्र लिहिलं, साध्या भाषेत, चिमणीने ते तीनदा बदलायला लावलं कारण तिला ते अजून ‘डॉक्टरी’ वाटत होतं. डायरेक्टरांनी परवानगी दिली नाही. संस्थेच्या कागदावर असलं काही जाणार नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. मग बाईंनी कोऱ्या कागदावर, स्वतःच्या सहीने पत्रं पाठवली. त्याबद्दल त्यांच्याकडून विभाग काढून घेतला गेला आणि त्यांना तळमजल्यावर जुन्या उपकरणांच्या खोलीशेजारी एक टेबल मिळालं. टेबलाची त्यांना पर्वा नव्हती. त्यांना भीती होती ती उत्तरांची.

उत्तरं आलीही. कुणी शिव्या दिल्या. कुणी वकिलाचं पत्र धाडलं. जुळ्यांच्या आईने लिहिलं की माझी दोन्ही पोरं शाळेत जातात, माझं काय व्हायचं ते होवो. बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही, आणि जे लिहीत नव्हते त्यांच्याकडे दोघी जायला लागल्या, बाई आणि चिमणी, सुट्टीच्या दिवशी, पत्ते शोधत. दार उघडणारं माणूस कसं चालत येतं, ते बाई आधी बघायच्या.

अशाच एका दुपारी त्या एका शिंप्याच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. शिंपी चोवीस वर्षांचा, हसतमुख, गळ्यात मापाची पट्टी. पत्र मिळालं होतं म्हणाला, पण आईला वाचता येत नाही आणि आपण तिला वाचून दाखवलं नाही. त्याने खुर्च्या पुढे केल्या. मग चिमणीकडे निरखून बघत त्याने विचारलं,

“तुम्हीपण आमच्यातल्याच? किती इंच?”

चिमणीला क्षणभर कळलं नाही. मग ती म्हणाली, “नऊ.”

“अकरा,” तो म्हणाला. “जिंकलो मी.”

बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. बोलताना त्याने टेबलाची कड सोडली नव्हती. त्यांनी कामाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला की काम भरपूर, पण मशीन जुनं झालंय. पायपट्टीवर पाय ठरत नाही, सारखा सटकतो. पट्टा बदलला, तेल घातलं, तरी तेच. बाईंनी त्याला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. तो चालला, पाय फाकवून, होडीत उभं असलेलं माणूस चालतं तसा, आणि दारात पोचल्यावर चौकट धरून म्हणाला की नवीन बूट आहेत, चावतात. त्याच्या पायात जुन्या चपला होत्या.

बाईंनी त्याच्या आईला मागच्या खोलीत नेऊन मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. काय बोलल्या ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. बाहेर बसथांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. पहिली बस आली आणि गेली, दोघींपैकी कुणीच हात केला नाही.

“त्याच्या आणि माझ्या बाटल्या एकाच होत्या का?” चिमणीने विचारलं.

बाईंनी हे त्या दुकानात शिरण्याआधीच वहीत पाहिलेलं होतं. घरी जाऊन बघते, असं म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.

“बारा, तेरा, चौदा,” त्या म्हणाल्या. “तिन्ही.”

चिमणीने मान हलवली. तिने आत्याचा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे निळं उमटलं होतं, आणि पुढची बस येईपर्यंत सोडला नाही.

शिंपी आठ महिन्यांनी गेला. शेवटचे दोन महिने त्याला आईसुद्धा ओळखू येत नव्हती. बाई रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर इस्पितळात जायच्या आणि त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायच्या; आत जायचा धीर त्यांना आठवड्यातून एखाद्या वेळीच व्हायचा. तो गेला त्या दिवशी आई बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली. रडली नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की नक्की कळायचं तर मेंदू तपासावा लागेल.

“म्हणजे त्याची ती गाठपण काढणार?” तिने विचारलं.

बाई म्हणाल्या की तुमची इच्छा नसेल तर नाही.

“काढा,” ती म्हणाली. “काय झालं होतं ते बघा. पण दुसऱ्या कुणाच्या पोराला देऊ नका.”

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. त्यानंतर मात्र सगळं जाग्यावरून हललं. चौकशी समिती नेमली गेली, उरलेल्यांना अधिकृत पत्रं गेली, रक्तपेढ्यांना याद्या गेल्या. डायरेक्टर एके दिवशी तळमजल्यावर बाईंच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले की मला वाटलं होतं, आपण त्यांना भीतीपासून वाचवतोय; खरं म्हणजे मीच घाबरलो होतो. बाईंना त्यांचा राग आला नाही. या बाबतीत त्यांना कुणाचाच राग करायचा हक्क नव्हता.

बाईंना विभाग परत मिळाला, पण गाठींचं काम तोवर जगभरच बंद झालं होतं. वाढीचं हार्मोन आता जिवाणूंकडून बनवून घेता येत होतं. त्यात माणसाचं काहीच नव्हतं. बाईंनी पुढे निवृत्तीपर्यंत हार्मोन द्यायचं नाही, फक्त मोजायचं, असं काम घेतलं. थेंबभर रक्तात ते किती आहे, मुलीच्या वयात येण्याच्या वर्षभर आधी ते कसं हलतं, मूल न राहणाऱ्या स्त्रीच्या महिन्यात ते कुठे अडतं. त्यांनी बसवलेल्या तपासणीच्या पद्धती अनेक ठिकाणी वापरल्या गेल्या. विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा वाटायची. एक आकडा दहा वेळा मोजायला लावायच्या, आणि बरोबर आला की म्हणायच्या, अकराव्यांदा मोज. एकदा एका विद्यार्थिनीने वैतागून विचारलं की बाई, तुम्हाला एवढी कशाची भीती वाटते? बाईंनी तिला समोर बसवून शिंप्याची गोष्ट सांगितली. पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ती सांगायचा प्रघात पडून गेला.

यादीतलं आणखी एक माणूस गेलं, शिंप्यानंतर सोळा वर्षांनी. एक स्त्री, जिने कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. काही वर्षं निवांत गेली की भीती थोडी बसायची, झोप लागायला लागायची, आणि मग इथून नाहीतर बाहेरच्या देशातून अशी बातमी यायची की सगळं परत पहिल्या दिवसावर. बाईंनी एकदा मेंदूच्या डॉक्टरांना सरळ विचारलं की किती वर्षं गेल्यावर सुटलो म्हणायचं. ते म्हणाले, मला आकडा सांगता आला असता तर मी सांगितला असता.

चिमणी नकाशे काढणाऱ्या खात्यात लागली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. तिसाव्या वर्षी तिने तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगितलं, पत्रही वाचायला दिलं. त्याने दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी होकार दिला. ते दोन दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. चिमणीला एक मुलगी झाली. मुलीला काही धोका नाही हे बाईंनी सतरा जणांना विचारून पक्कं करून घेतलं, आणि तरी ती पहिलं पाऊल टाकेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता. आता ती आईपेक्षा वीतभर उंच आहे.

बाई निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. अठ्ठ्याहत्तर वय आहे. भाऊ राहिला नाही. भावजय आणि त्या एकाच घरात राहतात, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात. चिमणी एक्कावन्न वर्षांची आहे. चालते, सायकल चालवते, चष्मा लागलाय तो सगळ्यांना लागतो तसा.

दर रविवारी बाई तिला फोन करतात. कित्येक वर्षं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: कशी आहेस? आणि तो विचारताना त्यांचा आवाज असा बारीक व्हायचा की पलीकडे चिमणीला स्वतःचे पाय आठवायचे. परवाच्या एका रविवारी ती म्हणाली,

“आत्या, तू हा प्रश्न विचारलास ना, की मी आठवडाभर सरळ रेषेत चालून बघते. तुला भीती वाटते, वाटू दे. मलाही वाटते. पण कशी आहेस ते विचारू नकोस. काय करतेयस ते विचार.”

बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पुढच्या रविवारी त्या फोनपाशी बसल्या. भावजय शेजारी खुर्चीत कान देऊन बसली होती. घंटी बराच वेळ वाजत राहिली. सहावी, सातवी, आठवी. बाईंचा हात फोनवर घट्ट होत गेला. मग पलीकडून आवाज आला.

“हां, बोल आत्या.”

“काय करतेयस?” बाईंनी विचारलं.

“फडताळ आवरतेय. स्टुलावर चढले होते, उतरायला वेळ लागला.”

स्टुलावर कशाला चढलीस, हे बाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

“काय काय निघालं मग?” त्यांनी विचारलं, आणि चिमणी एकेक वस्तू सांगायला लागली.